प्रेमकथा सुचवावी कशी, मत द्यावं कसं : नव्या वाचकांसाठी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो आणि दोन तास फक्त प्रेमकथांवर बोलतो. कुणी जुन्या मराठी कादंबऱ्यांवर वाढलेलं, कुणी कॉलेजात असताना 'मिल्स अँड बून' प्रकाशनाच्या इंग्रजी प्रेमकथा पालथ्या घातलेलं, कुणी आता सगळं फोनवरच वाचणारं. नवीन कुणी आलं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं : "मी आपली विरंगुळा म्हणून वाचते हो, तसं बाकीचंही वाचते." हे वाक्य चपलांबरोबर बाहेर ठेवून या. आवडतं म्हणून वाचता, एवढं पुरे आहे. त्याचा खुलासा इथे कुणी मागत नाही.

इथे एकच काम नीट शिकायचं असतं : आपल्याला आवडलेलं पुस्तक योग्य माणसाच्या हातात योग्य वेळी कसं द्यायचं, आणि न आवडलेल्याबद्दल असं कसं बोलायचं की ऐकणाऱ्याचा फायदा होईल. चुका करत करत मी ते शिकले. त्यातली एक चूक पुढे सांगणार आहे, कारण ती अजूनही मनातून जात नाही.

पायरी १ : आधी आपली आवड शोधा

एक वही घ्या. तुम्हाला रात्री उशिरापर्यंत जागं ठेवणारी शेवटची पाच पुस्तकं लिहा. नावाजलेली नकोत, खरोखर जागवलेली. प्रत्येकापुढे पुस्तक ठेववेना असं झालं तो प्रसंग दोन ओळींत लिहा. 'भाषा सुंदर', 'पात्रं जिवंत' असलं काही लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'तिला ताप असताना तो न बोलता पेज करून ठेवतो आणि निघून जातो' असं लिहा.

पाच प्रसंग एकाखाली एक वाचले की त्यांतला सारखेपणा दिसायला लागतो. आमच्यातल्या एका काकूंची ठाम समजूत होती की त्यांना ऐतिहासिक प्रेमकथाच आवडतात. यादी केली तर पाचांपैकी तीन ऐतिहासिक निघाल्या खऱ्या, पण पाचही ठिकाणी नायक-नायिका एकाच कामात गुंतलेले होते : कुठे दवाखाना, कुठे छापखाना, कुठे नाटक कंपनी. काळाशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं. कामाच्या धबडग्यात एकमेकांचा आधार होणारी माणसं त्यांना हवी होती. त्यानंतर त्यांना पुस्तक सुचवणं एकदम सोपं झालं.

नावडीचीही यादी करा, निदान तीन गोष्टींची. मला गैरसमजावर दोनशे पानं ताणलेली कथा सोसत नाही. पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर सगळं मिटलं असतं, असं वाटलं की मी पुस्तक मिटते. पण याच प्रकारावर जीव टाकणारे वाचक आहेत, आणि त्यांना माझ्या या नावडीचा उपयोग होतो. मी एखाद्या पुस्तकावर त्यासाठी चिडले, की ते तेच पुस्तक मागून घेतात.

पायरी २ : बोलण्यातले शब्द ओळखीचे करून घ्या

फार नाहीत. कथेच्या ठरावीक साच्याला 'ट्रोप' म्हणतात. आधी वैर मग प्रेम, खोटं लग्न खरं होणं, बालमैत्री, दुरावल्यावर पुन्हा भेट, हे सगळे ट्रोप. ठरवून झालेल्या लग्नात हळूहळू उमलणारं प्रेम हा आपल्याकडचा अगदी घरचा ट्रोप. फार सावकाश फुलणारं प्रेम म्हणजे 'स्लो बर्न'. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला 'डीएनएफ' म्हणतात, वाचायच्या ढिगाऱ्याला 'टीबीआर'. 'एचईए' म्हणजे शेवटी दोघं कायमची सुखात. 'एचएफएन' म्हणजे निदान आत्तापुरती तरी सुखात.

शृंगार किती मोकळा, हे सांगायला इंग्रजी वाचणारी मंडळी 'स्पाइस' म्हणतात आणि मिरच्या मोजतात. आम्ही आमच्यापुरत्या चार पायऱ्या केल्यात : नजरेपर्यंत, हातात हात, दार लोटलं, दार उघडं. नवीन आलेल्या आजींनाही त्या एका दमात कळतात आणि कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. पुस्तक सुचवताना ही पायरी सांगायचीच, न विचारता. 'दार उघडं' पुस्तक भेट म्हणून सासूबाईंच्या हाती पडायला नको, आणि तसलंच हवं असलेल्या वाचकाला ओशाळं होऊन ते वेगळं विचारावं लागायला नको.

एक शब्द जपून वापरा : 'रोमान्स'. मराठी समीक्षेच्या जुन्या पुस्तकांत तो 'अद्भुतरम्य' या अर्थाने येतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' त्या अर्थाने रोमान्स. आज कट्ट्यावर कुणी 'रोमान्स' म्हणालं तर ते प्रेमाच्या कादंबरीबद्दल बोलत असतं.

पायरी ३ : शेवट कसा आहे ते सांगा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबते.

काही वर्षांपूर्वी एक ताई नव्याने आल्या. यजमान आजारी होते, रात्री दवाखान्यात सोबतीला बसावं लागायचं. "काहीतरी प्रेमाचं द्या, मन रमेल असं," म्हणाल्या. मी माझी सगळ्यात लाडकी कादंबरी त्यांना दिली. शेवटच्या तीस पानांत नायक आजारपणात जातो हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी देताना ते डोक्यात आलं नाही, कारण माझ्या लेखी ती 'प्रेमकथा' होती आणि उत्तम होती. पुस्तक आठवड्याने वर्तमानपत्रात गुंडाळून परत आलं. बरोबर निरोप नाही, काही नाही. दोन महिन्यांनी त्या भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगायला हवं होतंत."

आपल्या मराठीत प्रेमकथा म्हटलं की दोघांची ताटातूट, त्याग, मृत्यू हे सगळं त्यात बसतं. आपण ते वाचून रडतो आणि पुस्तकाला थोर म्हणतो. इंग्रजी रोमान्स वाचून आलेल्या माणसाची समजूत नेमकी उलटी असते. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखकांची संघटना १९८० साली उभी राहिली, आणि तिच्या व्याख्येत दोनच अटी आहेत : प्रेमकथा मध्यवर्ती हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दुसरी अट मोडली तर ते पुस्तक कितीही चांगलं असो, त्या वाचकाच्या दृष्टीने ते वेगळ्या फडताळातलं. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या स्त्रियांनाही चांगल्या प्रेमकथेत सगळ्यात आधी सुखाचा शेवट हवा होता. आणि नवीन पुस्तकांच्या ढिगातून आपल्यासाठी निवड करायला त्या कुणावर विसंबत? पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईवर. ती स्वतः सगळं वाचायची, आपलं छोटं पत्रक काढायची आणि कुणाला काय रुचेल हे तिला नेमकं ठाऊक असायचं. आपल्याला बनायचंय ते तिच्यासारखं.

म्हणून आमच्याकडे नियम आहे. पुस्तकाचं नाव घेतलं की लगेच 'सुखाचा', 'दुःखाचा' किंवा 'अधांतरी' हे सांगायचं. नवे लोक म्हणतात, मग मजा काय उरली? मजा 'कसं' यात असते. दोघं शेवटी एकत्र येतात हे कळल्याने प्रेमकथेचं काही बिघडत नाही. त्याने ते पत्र का जाळलं, तिची आई खरी कोण, हे सांगितलं तर बिघडतं. तेवढं झाकून ठेवा. ज्याला शेवटाचा रंगही नको असेल तो आधीच तसं सांगतो, आणि आपण त्याचं ऐकतो.

पायरी ४ : पुस्तक मागायला शिका

"एखादी छान प्रेमकथा सांगा ना" असं विचारलंत तर दहा जण आपापलं लाडकं पुस्तक सांगतील आणि त्यातलं एकही तुमच्यासाठी नसेल. मागताना चार गोष्टी सांगा : शेवटचं आवडलेलं पुस्तक आणि त्यातलं नेमकं काय आवडलं, काय चालणार नाही, सध्या मन कसं आहे, आणि वाचायला वेळ किती आहे. 'लोकलमध्ये वीस-वीस मिनिटं मिळतात' ही फार उपयोगी माहिती आहे. तिथे सहाशे पानांची तीन पिढ्यांची कथा देऊन चालत नाही, छोट्या प्रकरणांचं पुस्तक लागतं.

सुचवलेलं पुस्तक वाचलं की येऊन सांगा, आवडलं नसेल तरी. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात कृतज्ञतेची खरी जागा ही आहे. गप्प बसलात तर सांगणाऱ्याला तुमची आवड कधीच कळत नाही.

पायरी ५ : सुचवा, पण माणूस बघून

'मिल्स अँड बून'ची स्थापना १९०८ साली लंडनमध्ये झाली. १९७१ साली कॅनडाच्या 'हार्लेक्विन'ने ती कंपनी घेतली. त्यांच्या पुस्तकांचे विभाग पाडलेले असतात : मॉडर्न, मेडिकल, हिस्टॉरिकल वगैरे. मुखपृष्ठ बघूनच आत काय आहे याचा अंदाज येतो, त्यामुळे अर्धी शिफारस प्रकाशकच करून ठेवतो. मराठी कादंबरीला असं काही नसतं. मुखपृष्ठावर एक बाई पाठमोरी उभी असते, मागच्या पानावर 'मानवी नात्यांचा हळुवार वेध' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आत काय वाढून ठेवलंय ते वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपल्याकडे एका वाचकाने दुसऱ्याला सांगणं जास्त मोलाचं.

सांगावं कसं, याचा आमच्या वहीतला एक नमुना देते. एका मैत्रिणीने दुसरीसाठी लिहिलेला :

"लग्न ठरवून झालेलं, प्रेम मागाहून. नवरा अबोल आहे, वाईट नाही. पहिली साठ पानं संथ, सासरची माणसं ओळखण्यातच जातात. तेवढी निभाव. दार लोटलं. शेवट सुखाचा. मधे एक मूल दगावतं, सात-आठ पानं फार जड आहेत. तुला गेल्या वेळचं पत्रांचं पुस्तक आवडलं होतं म्हणून सांगते, इथेही दोघं बोलायला शिकतात ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहूनच. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्याखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या."

यात कौतुकाचा एक शब्द नाही, आणि तरी मला ते पुस्तक लगेच वाचावंसं वाटलं. तिने उणीव सांगितली, ती कुठे संपते तेही सांगितलं. जड प्रसंग आधीच सांगून ठेवला. तुझ्यासाठीच का, याचं कारण दिलं. आणि शेवटी ती डब्याखालची चिठ्ठी, जी वाचणारीच्या मनात अडकून राहते. तुम्हाला एवढं लिहिणं जमलं नाही तरी चालेल, पण 'तुझ्यासाठी का' हे एक वाक्य सोडू नका. ते सुचत नसेल तर बहुधा ते पुस्तक त्या माणसासाठी नसतं.

जड प्रसंगांबद्दल आणखी थोडं. जबरदस्ती, मारहाण, गर्भपात, मूल जाणं, आत्महत्या, जातीवरून झालेला अपमान, यांपैकी काही असेल तर आधी सांगा. जुन्या पुस्तकांत काळजी जास्त घ्यावी लागते. नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो आणि पुढच्याच पानावर त्याला प्रेमाचा आवेग म्हटलेलं असतं, असं अनेकदा भेटतं. त्या पुस्तकांवर माझंही प्रेम आहे आणि मी ती सुचवतेही. पण प्रकाशनाचं साल सांगते आणि तो प्रसंगही सांगते.

आमच्या वाचनालयात एक जुनी, बांधणी सुटलेली कादंबरी आहे. तारखांच्या शिक्क्यांनी मागचा कागद निळा-जांभळा झालाय. आत ठिकठिकाणी वाचकांच्या खुणा आहेत. हे पुस्तक आपण वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून कुणी सतरा या पानाच्या आकड्याभोवती गोल केलाय, कुणी कोपऱ्यात छोटं फूल काढलंय. आणि एकशे बाराव्या पानावर, जिथे कथा अगदी कंटाळवाणी होते नेमकी तिथे, बारीक पेन्सिलीने लिहिलंय : 'इथे सोडू नका, पुढे बरं आहे.' वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मी सगळ्यांना बजावते. पण मी ती ओळ वाचून पुढे गेले होते, आणि पुढे खरंच बरं होतं. कोण होती ती, कोण जाणे.

पायरी ६ : मत द्या, विशेषतः नावडल्याचं

'बकवास', 'रद्दी', 'काहीच्या काही' ही मतं नाहीत. काय खटकलं आणि कुठे, ते सांगा. 'नायिका मूर्ख आहे' म्हणण्यापेक्षा 'ती एवढी हुशार वकील दाखवलीय, पण घराची कागदपत्रं न वाचता सही करते, तिथून माझा विश्वास उडाला' असं सांगा. हे ऐकून एखादी म्हणेल, मला चालेल. एखादी म्हणेल, मग नको. दोघींनाही तुमच्या मताचा उपयोग झाला.

पुस्तकावर बोला, ते आवडणाऱ्यावर बोलू नका. "असलं कसं वाचवतं तुम्हाला?" या एका वाक्याने आमच्याकडे आलेल्या एका मुलीने पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि पुढे यायचीही बंद झाली. धनाढ्य, उर्मट नायकांच्या कथा ती आवडीने वाचायची. प्रत्यक्षात तसला नवरा हवा म्हणून कुणी त्या वाचत नाही. पुस्तकात हा माणूस शेवटी वाकणार याची खात्री असते, आणि ती खात्री अनुभवण्यातच सुख असतं. तिला हे कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी मी तिथे होते आणि मीही मधे पडले नाही. आता पडते. तुम्हीही पडा, नवीन असलात तरी.

'अश्लील' हा शब्द तर फार विचार करून वापरावा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कायदा शिकणारी मुलं आजही तो निकाल वाचतात. 'दार उघडं आहे, मला नको होतं' एवढं म्हटलं तरी तुमचं मत पुरेपूर पोचतं.

पुस्तक लेखकाने किंवा प्रकाशकाने फुकट दिलं असेल, किंवा लेखिका ओळखीची असेल, तर मत देण्याआधी तसं सांगा. सांगितल्याने मताची किंमत कमी होत नाही. लपवलं आणि मागाहून कळलं, तर तुमच्या पुढच्या सगळ्या शिफारशींवरून लोकांचा विश्वास उडतो. लेखिका समोर बसलेली असेल तर मत बदलू नका, सूर बदला. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावरही बोलता येतं, फक्त कितव्या पानावर सोडलंत ते सांगा.

पायरी ७ : पुस्तक पोचवायचं कसं

आपण सुचवलेलं पुस्तक मिळत नाही, हे मराठीत नेहमीचं. आवृत्ती संपलेली असते. मग कुणीतरी पीडीएफ पाठवतं. ते करू नका. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतात. ना. सी. फडके १९७८ साली गेले, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांवरचे हक्क २०३८ संपेपर्यंत आहेत. आज लिहिणाऱ्या लेखिकांचा तर प्रश्नच नाही, एकेका प्रतीच्या विक्रीवर त्यांचं पुढचं पुस्तक अवलंबून असतं. वाचनालयात मागणी नोंदवा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात सांगून ठेवा, आपली प्रत उसनी द्या. उसनी देताना आतल्या पानावर पेन्सिलीने नाव आणि वहीत तारीख, दोन्ही. मी याच्या भरवशावर आजवर दोनच पुस्तकं गमावली आहेत.

पहिल्यांदा येताना

एकच पुस्तक आणा, तुमचं सगळ्यात लाडकं, कितीही फाटकं असलं तरी. पायरी १ मधली वही आणा. पहिल्या दिवशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण कुणी काय मागितलं ते लिहून घ्या. घरी गेल्यावर रात्री कपाटासमोर उभं राहा आणि त्यातल्या कुणा एकासाठी आपल्याकडे काही आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतं. पुढच्या महिन्यात ते घेऊन या आणि त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा.

त्या ताई अजून येतात. दर वेळी नवीन पुस्तक हातात घेतल्यावर आधी माझ्याकडे बघतात, आणि मी आधी शेवट सांगते.